चेंडूला न शिवणारा फटका

1978 सालची ब्रिटिश ओपन ही गोल्फची स्पर्धा स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर झाली. तिसऱ्या फेरीत जपानचा टॉमी नाकाजिमा आघाडीच्या खेळाडूंच्या जवळपास होता. सतराव्या होलवर तो दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पोहोचला, पण तिथून मारलेला हलका फटका उतारावरून घरंगळला आणि चेंडू ‘रोड बंकर’ या वाळूच्या कुप्रसिद्ध खड्ड्यात जाऊन पडला. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला चार फटके लागले आणि चार फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेल्या त्या होलवर त्याच्या नावापुढे 9 हा आकडा लागला. जागतिक दर्जाच्या खेळाडूला 46 ग्रॅमसुद्धा न भरणारा चेंडू वाळूतून काढता येऊ नये, हे वरवर पाहता अविश्वसनीय वाटते. दोष हाताचा किती आणि वाळूचा किती, हे ठरवायचे तर वाळू म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते.

दूरदर्शनवर बंकरमधला फटका पाहणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की खेळाडू चेंडू अलगद उचलून काढतो. प्रत्यक्षात चांगल्या फटक्यात क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूला लागतच नाही. तो चेंडूच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून जातो आणि पुढे बाहेर पडतो. उडते ती वाळू आणि तिच्याबरोबर चेंडू. किती वाळू उडते याचा घरगुती हिशेब करता येतो. वीस सेंटिमीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद आणि सरासरी एक सेंटिमीटर खोल खाच धरली तर 160 घनसेंटिमीटर, म्हणजे साधारण 250 ग्रॅम वाळू होते. चेंडूच्या पाचपट वजन आधी हलवायचे आणि चेंडू त्याच्या पाठीवर बसून जाणार, असा हा व्यवहार आहे.

वाळू क्लबला दोन प्रकारे अडवते आणि या दोन प्रकारांतला फरकच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. पहिला अडथळा घर्षणाचा. कण एकमेकांत अडकलेले असतात आणि खोलीनुसार वरच्या वाळूचे ओझे त्यांना अधिक घट्ट दाबते. हा अडथळा वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो. टोलनाक्यावरच्या ठरावीक रकमेसारखा तो प्रत्येकाकडून सारखीच ऊर्जा वसूल करतो. दुसरा अडथळा जडत्वाचा. समोरच्या वाळूला गती द्यावी लागते आणि त्यासाठी पडणारा दाब वाळूची घनता गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात वाढतो. क्लबचा वेग सेकंदाला 20 मीटर धरला तर हा दाब सुमारे 6 लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या सहापट येतो. दोन सेंटिमीटर खोलीवर वाळूच्या नुसत्या वजनाचा दाब जेमतेम 300 पास्कल असतो; कण एकमेकांत अडकल्यामुळे प्रत्यक्ष अडथळा त्याच्या कितीतरी पट झाला, तरी तो मागेच राहतो. जडत्वाचा हा कर मात्र टक्केवारीने आकारला जातो, म्हणजे वेग कितीही असो, त्याचा साधारण ठरावीक हिस्सा जातो. म्हणून वेगवान क्लबपुढे वाळू जड द्रवासारखी वागते. घाबरून वेग निम्मा केला की गतिज ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते, टोल मात्र तेवढाच राहतो आणि क्लब मधेच रुतून बसतो. नवशिक्या खेळाडूचा चेंडू पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो, त्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

पण वेग असूनही क्लबचे धारदार कड असलेले पाते नांगराच्या फाळासारखे खाली खाली जाते. यावरच्या उपायाचे, म्हणजे आधुनिक सँड वेज या वाळूसाठीच्या खास क्लबचे श्रेय सहसा अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन याला दिले जाते. त्याने क्लबच्या तळाला धातूचा डाग देऊन मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली आणली आणि 1932 साली केंटमधील प्रिन्सेसच्या मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली. विमानाच्या शेपटीवरून ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. या फुगीर तळाच्या कोनाला ‘बाउन्स’ म्हणतात. पाण्यावर तिरपा फेकलेला चपटा दगड जसा टप्पे घेतो, तसा हा तळ वाळूला खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. आज दर हंगामात नव्या वेजच्या जाहिराती येतात, शिवाय मनगटात घालायची चुंबकी कडीही विकली जातात. तळाचा कोन आणि त्याची रुंदी यांना भौतिकशास्त्राचा आधार आहे. कड्याला फक्त किमतीचा.

ओल्या वाळूत हाच बाउन्स उलटतो. समुद्रकिनाऱ्यावर लाटेने भिजलेल्या वाळूत पाऊल दाबले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते, हे कोकणात गेलेल्या प्रत्येकाने पाहिले असेल. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 साली याचा उलगडा केला. दाट बसलेले कण सरकायचे तर त्यांना एकमेकांवर चढावे लागते, म्हणजे वाळूचे आकारमान वाढते. वाढलेल्या पोकळ्यांत पाणी ओढले जाते आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. क्लबचा आघात मिलिसेकंदांत आटोपत असल्यामुळे पाण्याला पोकळ्यांत पोहोचायला सवडच मिळत नाही. आत शोषण निर्माण होते, कण घट्ट आवळले जातात आणि वाळू फरशीसारखी कडक होते. मग फुगीर तळ तिच्यावरून उसळतो, पाते चेंडूच्या कमरेवर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो.

चेंडू वाळूत अर्धा रुतला असेल, तर बाउन्स मुद्दाम निकामी करावा लागतो. पाते मिटवून, म्हणजे उताणे न ठेवता उभे करून, धारदार कड खाली नेली, की आघात चेंडूच्या बुडाखालून जातो. चेंडू निघतो, पण जवळजवळ फिरकीविना, म्हणून पडल्यावर लांब धावतो. कोणती वाळू चेंडू गिळते, हे कणांच्या आकारावरही ठरते. गोलसर कण सरकतात, टोकदार कण एकमेकांना धरून ठेवतात. ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतील प्रसिद्ध गोल्फ मैदानाची पांढरीशुभ्र वाळू नॉर्थ कॅरोलायनातील स्प्रूस पाइनच्या खाणींतून येते. याच परिसरातील शुद्ध क्वार्ट्झ संगणक चिप उद्योगालाही लागते.

वाळू कशी आहे हे फटक्याआधी हाताने किंवा क्लबने चाचपून पाहायला नियमाने मनाई आहे. उभे राहण्यासाठी बूट रोवायला मात्र परवानगी आहे. म्हणून अनुभवी खेळाडू बंकरमध्ये उतरल्यावर टाचा हलवत जरा जास्तच वेळ घेतो: वाळू किती खोल आहे, खाली ओल आहे का, तळ कडक लागतो का, हे त्याला तळपायातून कळत असते, आणि नुकताच पाऊस पडून गेला असेल, तर बुटाभोवती ते फिकट कडे उमटते का, याकडेही त्याने एकदा पाहून घ्यावे.