ओढ सोपी, पकड अवघड

सुंतेत गेलेली अग्रत्वचा परत वाढवायची तर शिश्नाच्या खोडावरची कातडी पुढे ओढून ताणत राहावे लागते. ओढायला वजन किंवा इलॅस्टिक पुरते. पण ओली, मऊ, सैल कातडी रक्तपुरवठा न तोडता धरायची कशी? साधने बनवणाऱ्यांचे डोके खरे तर यातच खपले.

पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने थेट शस्त्रक्रियाच सांगितली: शिश्नाच्या मुंडामागची (टोकाच्या गोल भागामागची) त्वचा सोडवून पुढे आणायची आणि जखम भरेपर्यंत रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवायचे, म्हणजे ताठरता येणार नाही.

ताणल्याने कातडी वाढते याला वैद्यकीय आधार बराच उशिरा मिळाला. १९५७ मध्ये चार्ल्स न्यूमन यांनी कानाच्या पुनर्रचनेसाठी त्वचेखाली रबरी फुगा घातला व हळूहळू फुगवला. सतत सौम्य ताण दिला की पेशींचे विभाजन होते, कातडी नव्याने तयार होते.

१९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अग्रत्वचा परत वाढवू पाहणाऱ्या पुरुषांचा गट उभा राहिला. सहसंस्थापक वेन ग्रिफिथ्स यांनी स्टीलचे दोन गोळे दांडीने जोडले: एका गोळ्यावर कातडी ओढून टेपने बांधायची, दुसरा खाली लोंबतो. दुसरी रीत 'टी' आकाराच्या टेपची. तिला इलॅस्टिक लावून पट्टा पायाला बांधायचा. दोन्हींची दुखरी जागा एकच, टेप. घामाने ती सुटते, काढताना केस आणि वरचा थर ओढून नेते, आणि गोल आवळली तर सूज येते.

पुढे सिलिकॉनची साधने आली. आतल्या घंटेच्या आकाराच्या भागावर कातडी चढवायची, बाहेरून शंकू बसवायचा; दोहोंत ती चिमटली जाते, टेप लागत नाही. मात्र ओलावा आणि तेलकटपणा असला की हेही घसरते. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ही तक्रार ठरलेलीच. बसवण्याआधी धुऊन पूर्ण कोरडे करणे हाच त्यावरचा साधा उपाय. घसरते म्हणून शंकू अधिक घट्ट दाबणे ही नेहमीची चूक: कातडी निळसर, थंड किंवा बधिर झाली तर साधन तत्काळ काढायचे. झोपेत हे कळत नाही, म्हणून रात्री घालू नये.

काम वर्षांचे असते, आणि वाढते ती खोडाचीच कातडी. कापून गेलेली आतली, मज्जातंतूंनी भरलेली पट्टी कोणत्याही साधनाने परत येत नाही.