तीन मिलिमीटरच्या हिरवळीचे ऋतुचक्र

गोल्फच्या मैदानावर चेंडू ज्या खळीत घालवायचा असतो, तिच्या भोवतालच्या हिरवळीला ग्रीन म्हणतात आणि तिथले गवत साधारणपणे ३ मिलिमीटर उंचीवर राखले जाते. इतके खुरटे ठेवूनही ते मरत नाही, कारण गवताचा वाढीचा बिंदू पात्याच्या टोकाशी नसतो, तर बुंध्याशी, जमिनीला लागून असतो आणि कापणी यंत्राचे पाते त्याच्या वरून जाते. मात्र पाने आखूड म्हणजे सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याची जागाही कमी, आणि अन्नाची चणचण भासू लागली की मुळे आखडतात. त्यामुळे ग्रीनची निगा राखणाऱ्याचे लक्ष पानांइतकेच मुळांकडे असते आणि कोणते काम कोणत्या ऋतूत करायचे हे मुळांच्या जोमावरून ठरते.

मैदानांवरील गवतांचे दोन मोठे गट पडतात. बेंटग्रास, रायग्रास यांसारखी थंड हवामानाची गवते साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात जोमाने वाढतात. हरळी आणि तिचे संकरित वाण यांना २७ ते ३५ अंशांची ऊब मानवते. या फरकाचे मूळ प्रकाशसंश्लेषणात आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर कधी कधी चुकून ऑक्सिजनच पकडते, ही चूक उष्णतेत वाढत जाते आणि तयार झालेल्या अन्नाचा काही भाग ती निस्तरण्यात खर्ची पडतो. हरळीच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून आतल्या पेशींत दाटीने पोहोचवण्याची सोय असते, म्हणून तिला ही झळ फारशी लागत नाही.

बेंटग्रासच्या दृष्टीने उन्हाळा हा खरा कसोटीचा काळ असतो. तापमान चढते तसा श्वसनाचा वेग वाढतो, अन्ननिर्मिती मात्र मंदावते, आणि साठवलेली शर्करा संपत आली की मुळे वरच्या थोड्याशा मातीपुरती उरतात. अशा वेळी कापणीची उंची अर्धा मिलिमीटर वाढवणे किरकोळ वाटेल, पण ३ मिलिमीटरच्या गवताला ती मोठीच सवलत असते. भर दुपारी पाण्याचा अगदी हलका फवाराही देतात. तो तहान भागवण्यासाठी नसतो, बाष्पीभवनातून पाने थंड व्हावीत म्हणून असतो. याउलट माती सतत ओली ठेवली, तर मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि बुरशीजन्य रोगांना आयते निमंत्रण मिळते. उन्हाळ्यात ग्रीन पिवळी पडू लागली की जास्त पाणी घालण्याचा मोह होतो आणि तोच बहुधा घातक ठरतो.

सर्वांत महत्त्वाचे आणि खेळाडूंना सर्वांत नकोसे वाटणारे काम म्हणजे पोकळ दातांच्या यंत्राने ग्रीनमधून मातीच्या कांड्या उपसून काढणे. अशी एखादी करंगळीएवढी कांडी हातात घेऊन उभी चिरली, की हिरवळीची प्रकृती कळते. वर हिरवा पापुद्रा, त्याखाली अर्धवट कुजलेल्या खोडा-मुळांचा तपकिरी, दाबला तर स्पंजासारखा दबणारा थर आणि त्याखाली वाळू. हा तपकिरी थर जाड झाला की तो पाणी धरून ठेवतो, पृष्ठभाग मऊ पडतो आणि मुळे खाली उतरण्याऐवजी त्यातच घुटमळतात. पांढरी, ताजी मुळे खालच्या वाळूपर्यंत गेलेली दिसली, तर ती चांगली खूण. कांड्या काढल्यावर उरलेल्या छिद्रांत कोरडी वाळू भरतात. त्यातून हवा आणि पाणी खाली जाते आणि सेंद्रिय थर विरळ होतो.

हे काम खेळाचा हंगाम संपल्यावर का उरकत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. छिद्रे बुजवायची असतात ती गवतालाच, आणि ते जोमात वाढत असेल तरच दोन-तीन आठवड्यांत जखम भरून येते. म्हणून बेंटग्रासवर हे काम वसंतात किंवा शरदाच्या सुरुवातीला करतात, तर हरळीवर वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यात, म्हणजे नेमके खेळायला मैदान उत्तम असते तेव्हा. या बाबतीत खेळाडूंच्या नाराजीपेक्षा गवताची सोय पाहणेच मला योग्य वाटते, कारण सुप्तावस्थेतल्या गवतात पाडलेली छिद्रे कित्येक आठवडे तशीच राहतात.

शरद ऋतूत थंड हवामानाच्या गवतांची पाने हळू वाढू लागतात, पण प्रकाशसंश्लेषण चालू असते, म्हणून शर्करा साठते आणि मुळांना दुसरा बहर येतो. या काळात दिलेले खत सत्कारणी लागते. हरळीला मात्र उशिरा नायट्रोजन देऊन कोवळी वाढ उठवली, तर ती थंडीत सापडण्याची भीती असते. माती १० अंशांच्या आसपास थंडावली की हरळी सुप्त होते आणि तपकिरी पडते. मैदान हिरवे दिसावे म्हणून अनेक ठिकाणी तिच्यावर रायग्रासचे बी पेरतात. वसंतात हेच रायग्रास सावली धरून जागी होणारी हरळी दडपू लागते, तेव्हा कापणी मुद्दाम खाली आणून तिच्यापर्यंत ऊन पोहोचवावे लागते.

हिमतुषार पडलेल्या सकाळी मैदान उशिरा उघडतात, त्यालाही असेच कारण आहे. गोठलेल्या पानावर पाय पडला की बर्फाच्या दाबाने पेशी फाटतात आणि बर्फ वितळल्यानंतर तिथे पावलांच्या आकाराचे तपकिरी डाग उमटतात. हिवाळ्यात वाढ जवळपास थांबलेली असल्याने ते डाग वसंतापर्यंतही टिकू शकतात.