घरगुती ध्वनिगुणवत्ता

घरातील टीव्ही, साउंडबार वा होम थिएटरच्या आवाजाची स्पष्टता व समतोल. महागडी यंत्रे आणणे ही परिचित रीत. परंतु कानावर पडणारा बराचसा आवाज भिंती, छत व फरशीवरून परतलेला असतो, म्हणून येथे भर खोलीवर आहे.

नाशिकमध्ये खोल्यांची दोन्ही टोके, जुनी व नवी, एकाच शहरात सापडतात. पंचवटी व जुन्या नाशकातील वाड्यांत लाकडी छत, जाड भिंती, कोनाडे. गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या फ्लॅटांत काँक्रीट, गुळगुळीत फरशी, काचेची सरकती दारे. नव्या घराच्या रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की मागे झणकार रेंगाळतो. तोच संवादांवर साचतो. मग आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधायचा!

या रेंगाळण्याला निनादकाल म्हणतात : ध्वनिपातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सेबाइन यांनी नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या व्याख्यानगृहात आणून प्रयोग केले व त्यातून सूत्र बसवले : निनादकाल = ०·१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण (मेट्रिक एककांत; शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठाचे क्षेत्रफळ × ते गिळत असलेला ध्वनीचा वाटा, यांची बेरीज). सूत्राचे वर्ष कुठे १८९८, कुठे १९०० आढळते. पहिले शोधाचे व दुसरे प्रसिद्धीचे मानणे सयुक्तिक. १२ × १० × १० फुटी मोकळ्या खोलीत (सु. ३४ घ. मी.), पृष्ठांचे सरासरी शोषण ५ टक्के धरल्यास, तो सु. १·७ सेकंद येतो. गालिचा, जाड पडदे, सोफा, भरलेले पुस्तकांचे कपाट यांनी शोषण तिपटीहून थोडे वाढले की तो अर्ध्या सेकंदावर उतरतो. ध्वनिशोषक म्हणून अंड्यांच्या ट्रेंची ख्याती मात्र अनाठायी आहे.

लहान खोलीला हे सूत्र कितपत लागू, याविषयी मतभेद आहेत. सूत्रात ध्वनी सर्वत्र सारखा विखुरला असे गृहीत आहे. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांच्या (निनादकाल व घनफळावरून सीमा काढणाऱ्या) निकषाने वरील सजवलेल्या खोलीत सु. २४० हर्ट्‌झखाली तसे घडत नाही. तेथे खोलीचे स्वतःचे अनुनाद (तिच्या मापांनुसार ठरावीक स्वरांचे घुमणे) वरचढ ठरतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १२ फूट लांबीचा अनुनाद सु. ४७ हर्ट्‌झ, रुंदी व उंची प्रत्येकी १० फूट असल्याने ५६ हर्ट्‌झचे दोन अनुनाद एकावर एक बसतात. एखादाच खर्ज घुमतो, शोकेसची काच थरथरते. येथे पडदा वा भिंतीवर टांगलेली गोधडी निरुपयोगी. पातळ कापड वरचे स्वर तेवढे शोषते. उपाय जागेचा : सबवूफर (खर्जाचा स्पीकर) तात्पुरता बसण्याच्या ठिकाणी ठेवावा, खर्जाचे गाणे लावून भिंतीकडेने रांगत जावे आणि खर्ज जेथे एकसारखा लागेल तेथे तो हलवावा.

पुढचे दोन स्पीकर श्रोत्याशी ६० अंशांचा कोन करतील असे, कानाच्या उंचीवर ठेवतात. टीव्ही व साउंडबारच्या जोडणीसाठी, दोन्ही यंत्रांत सोय असल्यास, ईएआरसी (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी सोय) श्रेयस्कर. ऑप्टिकल वायरीतून असंक्षेपित (न दाबलेला) बहुवाहिनी (अनेक स्पीकरांसाठी वेगवेगळा) ध्वनी जात नाही.