प्रवासप्रणयकथा

परमुलखातल्या भटकंतीत प्रेम जुळते, अशी कथावस्तू असलेला रंजनप्रधान कादंबरीप्रकार. स्थळाची भुरळ आणि पात्रांमधली केमिस्ट्री यांचा तोल सांभाळणे ही त्यातली खरी कसोटी.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो प्राचीन ग्रीक गद्यकथांत शोधतात. खारिटोनच्या ‘कॅलिऱ्होई’त (बहुधा इ. स. पहिले शतक, काहींच्या मते थोडी नंतरची) चाचे आहेत, बाबिलोनपर्यंतची वणवण आहे. पण तिथे प्रवास प्रेमिकांची ताटातूट करतो. शिवाय रशियन साहित्यमीमांसक मिखाईल बाख्तिन यांनी दाखविल्याप्रमाणे, एवढे फिरूनही अशा कथांतली पात्रे होती तशीच राहतात. आजच्या प्रकारात प्रवासच माणसांना जवळ आणतो आणि बदलतो. त्यामुळे ई. एम. फॉर्स्टर यांची फ्लॉरेन्समध्ये सुरू होणारी ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) हा पूर्वज अधिक जवळचा वाटतो. लोकप्रियतेच्या बाजूने ई. एम. हल यांच्या अल्जीरियात घडणाऱ्या ‘द शेख’चे (१९१९) नाव घेतात, तिच्यातली बळजबरी आज खटकते.

स्थळाने वाढवलेली धडधड माणसाच्या ओढीची समजली जाते, असे डटन व अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगावरून मानतात. कॅनडातील कॅपिलानोच्या २३० फूट उंच झुलत्या पुलावर मुलाखत घेणाऱ्या तरुणीचा नंबर १८ पुरुषांनी घेतला, त्यांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. ठेंगण्या, भक्कम पुलावर हेच प्रमाण १६ पैकी २. लेखकाला ही धडधड फुकट मिळते, आणि फसगत तिथेच होते. सूर्यास्त वगळला की संवादात काही उरत नाही.

यावर उपाय म्हणजे निर्णायक प्रसंग कंटाळवाण्या जागी घडवणे. ग्रीसमधल्या पिरिअस बंदराहून सांतोरिनी बेटावर नेणारी फेरीबोट पाच ते आठ तास घेते. बहुतेक लेखक हा प्रवास एका वाक्यात उरकतात. खरे तर बोट लागलेल्या नायिकेला नायक नुसते पाणी देतो की काही न बोलता डेकवरच्या वाऱ्याच्या बाजूची आपली जागाही देतो, आणि ती ‘थँक्यू’ म्हणते की चिडते, यावर वाचकाचा विश्वास बसतो किंवा उडतो. स्थळवर्णनही पात्राच्या नजरेतून हवे: स्वयंपाकी बाजारात भाव पाहील, वास्तुविशारद गिलाव्याचे पोपडे. दोघांनाही एकच निळा घुमट दिसला, तर ते माहितीपत्रक झाले.

मुदत हा दुसरा टेकू. ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक शेंगेन क्षेत्रात अल्पमुदतीचा मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरताच असतो. नायिका भारतीय असेल तर व्हिसाची ही मर्यादा आयताच ताण पुरवते. अनेक कथांत मात्र ती महिनोन्‌महिने बेटावर राहते आणि तिचा पासपोर्ट कोणी तपासत नाही.