टेबलावरचं रणांगण: इंचभर शिपाई आणि त्यांच्या पायाखालची जमीन

ऐतिहासिक वॉरगेमचं, म्हणजे छोट्या शिपायांनी जुन्या लढाया खेळायच्या छंदाचं, मांडलेलं टेबल जवळून पाहिलं की एक विसंगती चटकन लक्षात येते. 28 मिलिमीटरचा शिपाई शेतघराच्या दारात उभा असतो आणि दार त्याच्या मापाचं असतं. त्या हिशेबाने घराची लांबी 15-16 सेंटिमीटर भरते. पण खेळाच्या नियमांत एक सेंटिमीटर म्हणजे रणांगणावरचे दहा मीटर धरले असतील, तर तेच एकटं घर दीडशे मीटर जागा अडवून बसतं. म्हणजे अख्खं खेडंच. शिपायाचंही तसंच, तो एकटा वीस-तीस जणांचा प्रतिनिधी असतो. एकाच टेबलावर माणसाचं माप एक आणि जमिनीचं माप दुसरं. या छंदातली मिनिएचर (छोटे शिपाई) आणि टेरेन (टेबलावरची जमीन, घरं, झाडं) आज जशी दिसतात, ती बरीचशी या दोन मापांच्या भांडणातून घडली आहेत, असं माझं मत आहे. भांडण जुनं आहे आणि त्याची सुरुवात एका राजाला दाखवायच्या टेबलापासून होते.

प्रशियातले गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसवित्झ हे सैन्यातले नव्हते, मुलकी अधिकारी होते. बुद्धिबळासारख्या चौकटींवर खेळायचे युद्धखेळ त्याआधीही होते. ब्रन्सविकच्या योहान हेलविगने 1780 साली असा एक खेळ छापला होता. पण त्यात जमीन चौकोनांत बांधलेली होती, आणि नदी काही चौकोनाच्या कडेने वाहत नाही. राइसवित्झने चौकोन टाकून दिले आणि ओल्या वाळूत डोंगर-दऱ्या करून त्यावर लाकडी ठोकळे हलवले. खेळाची कीर्ती राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमच्या कानावर गेली. वाळूची पेटी राजासमोर ठेवणं राइसवित्झला प्रशस्त वाटेना. म्हणून 1812 मध्ये त्याने एक भलं मोठं टेबलच बनवून नेलं. त्यावर मांडायच्या प्लास्टरच्या चौकोनी फरशांवर शेतं, रस्ते, नद्या, गावं उठावात घडवून रंगवली होती. फरशा हव्या तशा जुळवल्या की दर वेळी नवी भूमी तयार. आज ज्याला आपण मॉड्युलर टेरेन म्हणतो, ते दोनशे वर्षांपूर्वी इतकं पूर्ण स्वरूपात होतं याचं मला दर वेळी नवल वाटतं. सैन्याच्या तुकड्या मात्र शिपायांच्या आकाराच्या नव्हत्या, त्या चिनी मातीच्या सोंगट्या होत्या.

पुढे त्याच्या मुलाने, तोफखान्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने, 1824 मध्ये खेळाचे सुधारलेले नियम छापले आणि टेरेन सरळ काढून टाकलं. प्लास्टरच्या जागी 1:8000 मापाचा नकाशा आला, सोंगट्यांच्या जागी लाल-निळे धातूचे ठोकळे, आणि नशिबासाठी फासे. सेनाप्रमुख म्युफलिंगला तो इतका पटला की हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचं शिक्षण, असं तो म्हणाला. लष्कराचा प्रश्न सुटला. ठोकळ्याला उंची नको, चेहरा नको, त्याने नकाशावर खऱ्या तुकडीएवढी जागा व्यापली की झालं. जमिनीचं माप जिंकलं आणि शिपाई टेबलावरून उतरला.

तो जिवंत राहिला खेळण्यांच्या कारखान्यांत. न्यूरेंबर्गमध्ये योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचे सपाट शिपाई ओतत होता. ओतकामाचा साचा पाटीच्या दगडाचा. हा दगड उष्णता सोसतो आणि त्यात बारीक रेघ नीट कोरता येते. दोन पाट्यांवर शिपायाच्या दोन बाजू उलट्या कोरायच्या, पाट्या एकमेकींवर दाबून धरायच्या आणि वरच्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. तयार शिपाई जाड कागदापेक्षा थोडा जास्त जाड, पण समोरून पाहिलं तर कोटाची बटणं मोजता येतील असा. एर्न्स्ट हाइनरिक्सनच्या कारखान्याने सुमारे 30 मिलिमीटर उंची धरून ठेवली आणि हळूहळू ते माप रूढ झालं. आजच्या 28 मिलिमीटरच्या शिपायाचा हा लांबचा पूर्वज. शिपाई लाकडी सालपटांच्या डब्यांत वजनावर विकले जात आणि रंगवण्याचं काम बरंचसं घरोघरी, बायका-मुलांच्या हातून होत असे.

दोन मापांचं भांडण सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कोणी अंगावर घेतलं असेल, तर ते कॅप्टन विल्यम सिबॉर्नने. 1830 मध्ये या ब्रिटिश अधिकाऱ्याला नेपोलियनचा शेवटचा पराभव झालेल्या वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो रणांगणावरच्या ला हे सँत या शेतघरात कित्येक महिने मुक्कामाला राहिला आणि भूभागाची मोजणी केली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती? समोर शत्रूची रचना कशी होती? पायाखाली कुठलं पीक होतं? पिकाचा प्रश्न मला फार भावतो. टेरेन बनवणाऱ्या माणसाचाच तो प्रश्न आहे, कारण उभी राय (गव्हासारखं एक युरोपी धान्य) आणि तुडवलेली राय वेगळ्या रंगवाव्या लागतात.

1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मांडलेली ही प्रतिकृती साधारण साडेपाच बाय सहा मीटरची आहे आणि तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक शिपाई आहेत. जमिनीचं माप मैलाला नऊ फूट, म्हणजे जवळजवळ 1:600. त्या मापात माणूस तीन मिलिमीटरचा व्हायला हवा. सिबॉर्नचे शिपाई सुमारे दहा मिलिमीटरचे आहेत. तीन मिलिमीटरच्या ठिपक्यांतून शिपायांची रांग दिसली नसती, हे त्याने ओळखलं होतं. टेकड्यांनाही त्याने खऱ्यापेक्षा जास्त उठाव दिला, कारण वॉटर्लूचा उतार इतका सौम्य आहे की मापात केला असता तर डोळ्याला सपाटच वाटला असता. सरकारने 1833 मध्ये पैसे थांबवले तरी त्याने स्वतःच्या खिशातून काम पुरं केलं आणि कर्जात अडकला. प्रतिकृतीत दाखवलेल्या त्या संध्याकाळच्या घडीला ब्रिटिशांच्या मदतीला येणारी प्रशियन फौज कुठवर आली होती, यावरून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या वर्तुळात नाराजी झाली ती वेगळीच. प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

खेळण्यातले शिपाई सामान्य घरांत पोचले ते विल्यम ब्रिटनच्या कारखान्यामुळे. 1893 मध्ये तिथे पोकळ ओतकाम सुरू झालं. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेचा थर गोठला की आतलं उरलेलं लगेच बाहेर काढायचं. धातू कमी लागल्यामुळे 54 मिलिमीटरचा गोल, उठावदार शिपाई भरीव जर्मन शिपायापेक्षा स्वस्त पडू लागला. त्याच कारखान्याची एक स्प्रिंगची तोफ होती, इंचभर लांबीचा लाकडी गोळा उडवणारी. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सने 1913 च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात जो खेळ मांडला तो या तोफेभोवतीच फिरतो. जमिनीवर लाकडी विटा, रंगवलेली पुठ्ठ्याची घरं आणि झाडं म्हणून डहाळ्या मांडायच्या आणि खरोखर नेम धरून शिपाई पाडायचे. इथे दोन मापांचा तंटाच उरला नाही. सगळं शिपायाच्याच मापाचं होतं, म्हणून खेळायला अख्खी खोली लागायची.

पण ज्या शिपायावर रात्री बसून आपण रंग दिला, त्याच्यावर कोण गोळा झाडेल? दुसऱ्या महायुद्धानंतर छंद मोठ्या माणसांचा झाला, लोक आपापल्या फौजा स्वतः रंगवू लागले आणि तोफेची जागा फाशांनी घेतली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. अमेरिकेत जॅक स्क्रुबी रबराच्या साच्यांतून शिपाई ओतू लागला. असे साचे घरगुती उद्योगालाही परवडत, त्यामुळे कुठल्याही विस्मृत युद्धाच्या फौजा थोड्या संख्येने काढता येऊ लागल्या. 1957 मध्ये त्याने या छंदाचं नियतकालिकही सुरू केलं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं ‘वॉर गेम्स’ 1962 मध्ये आलं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने 1959 पासून इंचाहूनही लहान प्लॅस्टिकचे शिपाई खोक्यांतून विकायला काढले आणि शाळकरी मुलांच्याही फौजा उभ्या राहिल्या. ते प्लॅस्टिक मऊ आणि तेलकट होतं. संगीन बोटाने नुसती वाकली तरी तिच्यावरचा रंग सालीसारखा सुटून यायचा. रंगाआधी शिपाई साबणाच्या पाण्यात धुणं आणि डिंकाचा पातळ हात देणं, या सवयी तिथूनच लागल्या.

शिपाई एकेक करून हलवणं कंटाळवाणं, म्हणून ते तुकडीने बेसवर, म्हणजे छोट्या सपाट चौकोनी पट्टीवर, चिकटवले जाऊ लागले. 1969 मध्ये स्थापन झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपच्या प्राचीन युद्धांच्या नियमांनी बेसची रुंदी ठरवून दिली: 25 मिलिमीटरच्या शिपायांना 60 मिलिमीटर, 15 मिलिमीटरच्यांना 40. माझ्या मते दोन मापांच्या तंट्यातली ही सगळ्यात शहाणी तडजोड. जागा बेस मोजतो, शिपाई फक्त वर उभा राहून दिसतो. बेसवर तीन असोत की चार, हिशेब बदलत नाही. फौजा तेव्हाच्या मापाच्या बेसवर इतक्या संख्येने चिकटल्या गेल्या की नंतरच्या अनेक नियमांना तीच मापं गृहीत धरावी लागली.

रंगकामातही मापाचाच प्रश्न आहे, फक्त प्रकाशाच्या बाजूने. शिपाई लहान करता येतो, प्रकाश लहान होत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या चुणीची सावली हातभर अंतरावरून दिसतच नाही, म्हणून ती रंगवावी लागते. 1815 च्या ब्रिटिश पायदळातला शिपाई घ्या. गडद तपकिरी प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) कोटाचा सगळ्यात काळपट लाल लावायचा. पट्टा आणि कोट जिथे भेटतात तिथे प्रायमरची केसाएवढी रेघ तशीच सोडायची. मग मधली छटा, पण चुणीच्या खोलगट भागात ब्रश जाऊ द्यायचा नाही. शेवटी खांदे, कोपरं आणि बाहीची कड एवढ्यावरच उजळ रंग. पांढरा पट्टा पांढऱ्याने सुरू करायचा नाही, राखाडीने करायचा आणि शुद्ध पांढरा फक्त वरच्या कडेला. आणि साध्या शिपायाचा लाल अधिकाऱ्याच्या लालपेक्षा विटकरी हवा, कारण त्याचा कोट मंजिष्ठाच्या मुळाने रंगवलेला असे आणि अधिकाऱ्याचा महागड्या किरमिजाने. रांगेत अधिकारी दुरून ओळखू यायचा तो या फरकामुळेही, आणि टेबलावरही तसाच ओळखू यायला हवा.

सावली-उजेडाची ही पद्धत सर्वदूर नेली ती मात्र काल्पनिक युद्धांच्या खेळांनी. आधी एनॅमल रंग असत, एक थर वाळायला रात्र जायची. 1979 च्या सुमारास सुरू झालेल्या सिटाडेलसारख्या मिनिएचर बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग घरोघरी आले, मग वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) आला आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणं) सर्रास झाला. ऐतिहासिक खेळाडूंनी ते सगळं आनंदाने उचललं. शिपाई त्याच काळात वाढत गेला. 25 मिलिमीटर माप पायापासून डोळ्यापर्यंत धरायचं की डोक्यापर्यंत, यावर एकमत नव्हतं. ज्याला चेहरा ठसठशीत हवा त्याने डोकं मोठं घडवलं आणि पाहता पाहता 28 रूढ झालं.

टेरेनचं साहित्य बहुतेक उसनं आहे. चादरीखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या, लष्कराकडून आलेलं वाळूचं टेबल, खेळण्यातल्या रेल्वेवाल्यांकडून घेतलेला गवताचा भुसा आणि झाडांसाठी वाळवलेलं शेवाळ. थर्माकोल आला तेव्हा गरम तारेने टेकड्या कापणं सोपं झालं. तरीही कित्येक टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्याच राहिल्या. पाहणाऱ्याला त्या ओबडधोबड वाटतात, पण धातूचे शिपाई उतारावर घसरतात आणि एक घसरला की मागची रांगही जाते. उतार सुंदर करायचा की शिपाई उभा राहू द्यायचा, हे अजून ज्याचं त्याने ठरवायचं आहे. मी स्वतः पायऱ्या ठेवते आणि त्यांच्या कडा झुडपांनी झाकते.

आता रेझिनचे थ्री-डी प्रिंटर घरात आले आहेत. फाइल एकच असते, ती 28 वर छापा, 15 वर छापा, घर शिपायापेक्षा थोडं लहान छापा, सगळं शक्य आहे. घर मुद्दाम एक माप खाली छापून जागा वाचवण्याची युक्ती बरेच जण करतात, आणि हातभर अंतरावरून ती कळतही नाही. अडतं ते बारीक भागांपाशी. 28 चा शिपाई 15 वर आणला की त्याचा भालाही निम्मा बारीक होतो आणि पहिल्याच हाताळणीत मोडतो. शिशाचे भाले वाकायचे, प्लॅस्टिकचे रंग सोडायचे, रेझिनचे तुटतात. मग शिपायाची मूठ सुईएवढ्या ड्रिलने आरपार भोसकायची, तिच्यातून पोलादी तार ओवायची आणि टोक हातोडीने चपटं करून घासायचं.