भोकाभोकांची डिश

रेडिओ दुर्बिणीची बातमी आली की 'अंतराळातून आवाज ऐकू आला' असं हेडिंग हमखास, आणि खाली एलियनचं चित्र. आवाज वगैरे काही नसतो. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाचीच जात, फक्त तरंगलांबी मोठी, आणि अंतराळात अशी दुर्बीण बांधायची सगळी अडचण (आणि सगळी गंमत) त्या लांबीतच आहे.

अंतराळातल्या हायड्रोजन वायूतून येणारी रेडिओ लहर 21 सेंटिमीटरची, दिसणाऱ्या प्रकाशाच्या जवळपास 4 लाख पट. दुर्बीण किती बारीक बघेल ते तरंगलांबी भागिले डिशचा व्यास यावर ठरतं, म्हणून 10 मीटरच्या डिशलाही या लहरीत चंद्राची ही कड आणि ती कड वेगळी कळत नाही! म्हणजे डिश मोठीच हवी, आणि रॉकेटच्या टोपणात मावायची तर घडी घालूनच न्यायला हवी.

इथे तीच लांब लहर मदतीला येते. डिशचा आकार लहरीच्या विसाव्या भागापर्यंत चुकला तरी चालतं, 21 सेंटिमीटरला म्हणजे सेंटिमीटरभर. पत्राही लागत नाही, तारेची विणलेली जाळी पुरते. लहर आली की तारेतले इलेक्ट्रॉन हलतात, ते हलले की त्यांच्यातून नवी लहर निघते, आणि तारा तरंगलांबीच्या मानाने अगदी जवळजवळ असल्या की या सगळ्या लहरी मिळून पुढच्या बाजूला परतलेली एक सलग लहर होते आणि मागच्या बाजूला मूळ लहरीला जवळपास पुसून टाकतात, भोकं जणू नाहीतच. 1997 साली गेलेल्या जपानच्या हाल्का या दुर्बीण-उपग्रहाची 8 मीटरची डिश अशीच ताणलेल्या जाळीची होती.

पण जाळी म्हटली की अडकणं आलं. 1979 साली सोव्हिएत सॅल्युत-6 अंतराळ स्थानकाच्या मागच्या तोंडातून 10 मीटरची केआरटी-10 ही रेडिओ दुर्बीण उघडली, आकाश आणि पृथ्वी दोन्ही बघायला. काम संपल्यावर सोडून द्यायला गेले तर ती स्थानकालाच अडकून बसली, आणि मालवाहू यान जोडायची जागा बंद! शेवटी 15 ऑगस्टला अंतराळवीर र्‍युमिन बाहेर पडले, स्थानकाच्या पार मागच्या टोकापर्यंत गेले, अडकलेल्या तारा कापल्या आणि डिश ढकलून दिली. जवळपास सहा महिने वर राहून झालेले, चारच दिवसांनी परतायचं होतं, आणि तेव्हा हे काम.

पृथ्वीकडे बघणाऱ्या युरोपच्या स्मॉस उपग्रहाने 2009 मध्ये डिशलाच फाटा दिला, तीन घडीचे हात Y आकारात उघडले आणि त्यांवर 69 छोटे अँटेना. दोन-दोन अँटेनांचे सिग्नल ताडून पाहत सुमारे 8 मीटरच्या अँटेनाइतकं बारीक चित्र मिळतं, आणि त्यावरून मातीच्या वरच्या 5 सेंटिमीटरात ओल किती ते कळतं.