रंग देण्याआधी लाकूड एकदा ओले करून घ्यावे

वॉटर बेस स्टेन (लाकडात मुरणारा, पाण्यात केलेला रंग) आणि क्लिअर (त्यावर द्यायचा पारदर्शक थर) नेणारे बरेच ग्राहक आठवड्याभरात एकच तक्रार घेऊन परत येतात: रंग चांगला चढला, पण हात फिरवला की लाकूड खरखरीत लागते. नागपूरच्या लकडगंजातील आमच्या दुकानाच्या काउंटरवर याचे उत्तर रोज द्यावे लागत असल्याने ते येथे एकदाच सविस्तर लिहिले आहे.

ही खरखर डब्यातून येत नाही. पेपर (सँडपेपर) मारताना लाकडाचे बारीक तंतू तुटून दबून बसतात आणि पाणी मिळताच फुगून उभे राहतात. ऑइल बेस स्टेनमध्ये ही अडचण जवळजवळ येत नाही, त्यामुळे त्याच सवयीने वर्षानुवर्षे काम केलेले मिस्त्रीही येथे फसतात. मात्र खरे नुकसान खरखरीने होत नाही. ती घालवण्यासाठी वाळलेल्या स्टेनवरूनच पेपर मारला जातो, तेव्हा होते. आधी कडांचा रंग जातो, मग मधोमध पांढुरके चट्टे पडतात आणि त्यांवर पुन्हा स्टेन दिला की शेजारची जागा दुप्पट गडद होते. गेल्या उन्हाळ्यात एका ग्राहकांनी सागाचा चौरंग असा तीनदा घासून आमच्याकडे आणला. शेवटी सगळा रंग काढून लाकूड उघडे करावे लागले आणि दोन दिवसांचे काम पंधरवड्यावर गेले.

उपाय अगदी साधा आहे. 120 आणि मग 180 नंबरचा पेपर (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) लाकडाच्या रेषांच्या दिशेने मारून झाला की धूळ पुसावी आणि सुती कापड पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, सगळ्या लाकडावरून फिरवावे. लाकूड ओलसर दिसले पाहिजे, पाणी साचता कामा नये. मे महिन्यात ते लवकर वाळते. श्रावणात मात्र रात्रभर थांबावे. वाळल्यावर तळहाताला दाढीचे खुंट लागावेत तसे लागेल. तेवढेच खुंट 220 नंबरच्या नव्या पेपरने, हाताचा भार न देता उडवावेत. जोर लावून खोल घासल्यास नवे तंतू तुटतात आणि केलेली मेहनत वाया जाते. व्हिनियरवर (प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर) तर अधिकच जपावे, कारण तो थर फार पातळ असतो आणि खालचा प्लाय दिसू लागला की त्यावर इलाज नाही. ओले करण्याचा आणखी एक फायदा असा की सांध्यांतून बाहेर आलेल्या फेविकॉलचे डाग याच वेळी फिके उठून दिसतात. ते तेव्हाच खरवडून काढावेत, कारण तेथे स्टेन धरत नाही.

स्टेन देताना नागपूरचे ऊन विसरू नये. पारा 45 अंशांवर आणि पंखा थेट कामावर असेल, तर फळीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक वाळते आणि मध्ये पट्टा उमटतो. म्हणून सकाळी लवकर, सावलीत, एका वेळी एकच बाजू घ्यावी आणि जास्तीचा स्टेन लगेच पुसावा. लोखंडी तारेची घासणी कोठेही वापरू नये. तिचे कण गंजून सागावर काळे ठिपके पडतात.

क्लिअरचा डबा हलवू नये, काडीने सावकाश ढवळावा, नाहीतर बुडबुडे कोटात राहतात. डब्यात तो दुधासारखा दिसतो, तो खराब झालेला नसतो. सिंथेटिक केसांच्या ब्रशने तीन पातळ हात द्यावेत आणि मधल्या हातांवर 320 नंबरचा पेपर अलगद फिरवावा. जुन्या लाखेच्या पॉलिशची पिवळसर झाक यात येत नाही. ती हवी असल्यास शेड ठरवतानाच सांगावे, आम्ही स्टेनमध्ये तशी सोय करून देतो.

मिसळून दिलेली शेड आम्ही परत घेत नाही, यावरून काही ग्राहक नाराज होतात. परंतु तीच शेड सागावर, आंब्यावर आणि पाइनवर वेगवेगळी दिसते, म्हणून छापील कार्डावरून शेड देणेही आम्ही बंद केले आहे. त्याऐवजी आपल्याच कामातला वीतभर तुकडा आणावा. त्यावर स्टेन आणि क्लिअर दोन्ही देऊन आम्ही विनामूल्य दाखवतो. तो तुकडा नुसता रंधा मारलेला नसावा, कामाला जो पेपर मारला तोच त्यालाही मारलेला असावा. 120 वर थांबलेले लाकूड 220 पर्यंत घासलेल्यापेक्षा गडद रंग घेते आणि दुकानात पसंत केलेली शेड मग घरी जुळत नाही.